तो डबा कुणाच्या हातात जातो?

डाळीतला एक खडा कुणाच्या दाताखाली येऊ नये म्हणून आपण ताट घेऊन निवडायला बसतो. पण ओटा आवरताना मात्र खरकटे, दुधाची पिशवी, गोळ्यांची रिकामी पट्टी, फुटलेल्या बांगडीची काच असे सगळे एकाच डब्यात लोटतो आणि वर झाकण लावून मोकळ्या होतो. आपण न निवडलेले ते मग दुसरे कुणीतरी निवडायला बसते. बहुतेक ठिकाणी ती बाईच असते, आणि तिच्या हातात मोजे असतातच असे नाही.

पुण्यात कचरा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांनी १९९३ मध्ये 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना उभी केली. त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ पासून महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. या संस्थेने लाल ठिपक्याची एक मोहीम चालवली. विषय जरा संकोचाचा आहे, पण बायकांच्या मासिकात नाही लिहायचा तर कुठे लिहायचा? वापरलेले सॅनिटरी पॅड घरात कुणाला दिसू नये म्हणून आपण ते काळ्या पिशवीत गुंडाळून टाकतो. निवडणाऱ्या बाईला आत काय आहे ते कळत नाही. ती पिशवी सोडते, आणि आपण घरच्यांपासून लपवलेले नेमके तिच्या उघड्या हाताला लागते. त्याऐवजी पॅड वर्तमानपत्राच्या कागदात घट्ट गुंडाळावा आणि वर लाल पेनाने मोठा ठिपका काढावा. ठिपका दिसला की पुडी न उघडता बाजूला ठेवता येते. बाळाच्या डायपरचेही तसेच. फुटकी काच नि दाढीची पाती कागदाच्या तीन-चार घड्यांत बांधून वर ठळक अक्षरात 'काच', 'पाते' लिहावे.

ओला, कोरडा आणि घरातला घातक कचरा वेगळा द्यावा, असे २०१६ च्या सरकारी नियमांनीच सांगितले होते. पण नियम राहू द्या बाजूला. कोरडा कचरा ही त्या बाईची कमाई आहे. आमटी सांडलेल्या रद्दीला भाव येत नाही. दुधाची पिशवी विसळून (ते पाणी चहाच्या आधणात घाला, वाया कशाला?) नळाला अडकवून वाळवली की तिचे पैसे होतात. पिशवी कापताना कोपरा पार तोडू नका, चिकटलेला राहू द्या. तो नखाएवढा तुकडा मागाहून कुणी वेचू शकत नाही.

राहिला ओला कचरा. तो घराबाहेर न जाईल तर फारच उत्तम. बाजारात यासाठी महागड्या टोपल्या मिळतात, पण आपली जुनी बादली काय वाईट आहे? तापवलेल्या खिळ्याने तिला तळाशी नि कडेने भोके पाडा. खाली नारळाच्या शेंड्या अंथरा, त्यावर वाळका पाला, मग बारीक चिरलेली साले-देठे. विरजण म्हणून वाटीभर आंबट ताक शिंपडा. पुढे ओल्याच्या प्रत्येक थरावर निदान तेवढाच वाळका पाला घालायचा आणि आठवड्यातून दोनदा काठीने खालीवर करायचे. झाकण अगदी घट्ट नको. वास आला तर समजा, ओल जास्त झाली, आणखी पाला घाला. मुंग्या झाल्या तर फार कोरडे पडले, पाण्याचा हबका मारा. हाडे, मासळी, तेलकट उरलेले यात नको. आंब्याच्या कोयी महिनोन्महिने तशाच राहतात, त्याही वेगळ्या काढा. देवाचे निर्माल्य मात्र दोरा काढून खुशाल घाला. ते पिशवीसकट नदीत फेकण्यात कसला आलाय धर्म! दोन-अडीच महिन्यांत काळे, भुसभुशीत, पहिल्या पावसासारख्या वासाचे खत तयार होते. तुळशीला मूठभर पुरे.

"अहो, पण गाडीवाला शेवटी सगळे एकत्रच टाकतो!" असे तुमच्यापैकी काहीजणी म्हणणार. काही गावांत हे होते खरे, आणि त्याबद्दल नगरपालिकेत चार जणींनी मिळून जाब विचारायलाच हवा. पण बादलीत जिरलेला कचरा गाडीत चढतच नाही, आणि ठिपक्याची पुडी गाडीच्या आधी माणसाच्या हातात पडते.

उद्या सकाळी डबा दारात ठेवून आत वळू नका. ती आली की विचारा, "बाई, तुम्हांला काय वेगळं दिलेलं बरं पडतं?" कुणी पुठ्ठा मागेल, कुणी बाटल्या. आणि उन्हाचे दिवस असले तर गार पाण्याचा तांब्या हातात असू द्या.