सेवा करणारीची विचारपूस कोण करणार?

भगिनींनो, आपल्या वस्त्यांतून कितीतरी बाया दवाखान्यात कामाला जातात. कुणी सिस्टर, कुणी आया, कुणी सफाईला. काही जणी म्हाताऱ्या माणसांच्या घरी राहून त्यांचे सारे करतात. करोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जाहीर केले. परंतु या बायांच्या मनावरचा भार उतरला का, हे त्यांच्या घरात कुणी विचारले आहे काय?

२२ मार्च २०२० रोजी देशाने त्यांच्यासाठी थाळ्या वाजवल्या. त्यानंतर ठिकठिकाणी घरमालकांनी याच लोकांना खोली सोडायला सांगितली. हल्लेही झाले. अखेर २२ एप्रिलला केंद्र सरकारला त्यांच्या संरक्षणासाठी वटहुकूम काढावा लागला.

२०२१ च्या जूनमध्ये इतर जिल्ह्यांत साथ ओसरत होती, तेव्हा कोल्हापुरात ती जोरात होती. किट घातले की तासन् तास पाणी नाही, लघवीला जाणे नाही. नातेवाइकांना आत बंदी, म्हणून मरणाऱ्याचा हात शेवटी आयाच्या किंवा सिस्टरच्या हातात. घरी आल्यावर वेगळे ताट, वेगळे अंथरूण, आणि लेकराला जवळ घ्यायची भीती.

असे दिवस काढलेल्या बाईला पुढेही झोप लागत नाही, रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकून छाती धडधडते, विनाकारण राग येतो, ‘मी वाचवू शकले नाही’ असे वाटत राहते. हा भित्रेपणा नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे. त्यासाठी गंडादोरा नको. मनाला झालेली ही जखम आहे आणि तिच्यावर औषधोपचार आहेत.

सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी गेल्या. १९०५ मध्ये डॉ. यशवंत हेही प्लेगनेच गेले. त्यांच्या त्यागाला आपण वंदन करतो. पण सेवा करणारीने झिजून संपावे, असा त्याचा अर्थ काढू नये.

तेव्हा घरच्यांनी एवढे करावे. पाळीवरून आलेल्या बाईच्या पुढ्यात लगेच चूल-भांडी ठेवू नयेत. नवऱ्याने आणि मोठ्या मुलांनी कामे वाटून घ्यावीत. ती बोलू लागली तर ‘झालं गेलं विसर’ म्हणून तिला गप्प करू नये, शांतपणे ऐकावे. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, तर सीपीआरच्या मानसोपचार विभागात न्यावे. २०१७ च्या कायद्याने सरकारी मानसिक उपचार हा आपला हक्क आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फुकट बोलता येते. जीव द्यावासा वाटतो असे ती म्हणाली, तर एकटी सोडू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आणि कामगार बंधूंनो, युनियनच्या बैठकीत पगाराबरोबर कंत्राटी बायांची साप्ताहिक सुट्टी आणि पाळीनंतरची विश्रांती हाही विषय घ्या. पुढची साथ येईल तेव्हा याच बाया पुन्हा पुढे उभ्या राहणार आहेत.