रानपिंगळ्याचा पत्ता

जेम्स डेव्हिडसन हा ब्रिटिश सनदी अधिकारी खानदेशात असताना पक्ष्यांचे नमुने जमवत असे. १८८४ साली त्याने तिथे रानपिंगळे (लहान घुबडाची एक जात) टिपले आणि त्यानंतर ११३ वर्षे हा पक्षी कुठल्याही अभ्यासकाला खात्रीने दिसला नाही. त्याचा पहिला नमुना १८७२ मध्ये ब्लेविटने आजच्या छत्तीसगडातल्या बसना भागातून मिळवला होता आणि पुढच्याच वर्षी पक्षितज्ज्ञ ह्यूमने त्याचे शास्त्रीय वर्णन केले. संग्रहालयांत बोटांवर मोजण्याइतकी कातडी उरली. प्रत्येकाच्या पायाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, तिच्यावर गाव, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव. रानपिंगळ्याचा पत्ता जगाकडे होता तो एवढाच.

त्यातही एक चिठ्ठी खोटी होती. कर्नल रिचर्ड माइनर्टझहागन या नामांकित पक्षितज्ज्ञाने १९१४ मध्ये गुजरातेतल्या मांडवीजवळ रानपिंगळा मिळाल्याचे सांगितले होते. पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते कातडे तपासले. एक्स-रे काढला, आतली भरण पाहिली, शिवण पाहिली. कातडे डेव्हिडसनच्या हातचे निघाले. माइनर्टझहागनने ते लंडनच्या संग्रहालयातून लांबवून पुन्हा भरले होते आणि त्यावर आपली चिठ्ठी बांधली होती.

ही खोटी नोंद बाजूला ठेवून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट १९९७ मध्ये खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागांकडे निघाले. पूर्वेकडे काही हाती लागले नाही. मग ते खानदेशात आले. सपाटीवरचे जुने रान एव्हाना शेतीखाली गेले होते, म्हणून त्यांनी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याचे सागवान धरले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी किंगला निष्पर्ण झाडावर, भर उजेडात बसलेला रानपिंगळा दिसला.

जुन्या नोंदींवरून नव्या जागा शोधण्याचे हेच काम आज संगणकावर होते. पक्षी जिथे दिसला त्या जागांचे अक्षांश-रेखांश द्यायचे, सोबत पाऊस, तापमान, उंची आणि उपग्रहातून दिसणारे झाडांचे आच्छादन यांचे थर. या ठिकाणांत समान काय आणि आसपासच्या प्रदेशापेक्षा वेगळे काय, हे आज्ञावली शोधते आणि तशीच परिस्थिती आणखी कुठे आहे ते नकाशावर रंगवते. कल्पना जुनीच आहे. जोसेफ ग्रिनेलने १९१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका पक्ष्याची निसर्गातली ठरावीक जागा ('निश') हवामान आणि झुडपांच्या भाषेत मांडली होती. १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियात बायोक्लिम ही आज्ञावली आली, २००६ मध्ये मॅक्सेंट, आणि मग ही पद्धत विद्यापीठाविद्यापीठांत पोचली.

तिची ताकद खरी आहे. मादागास्करमध्ये सरड्यांच्या कुळातल्या शॅमेलिअनच्या ज्ञात प्रजातींचे नकाशे संग्रहालयातल्या नोंदींवरून बनवले गेले. काही भाग नकाशावर अनुकूल दिसत होते, पण तिथे त्या प्रजातींची नोंद नव्हती. अभ्यासक तिथे गेले तेव्हा त्यांना विज्ञानाला अपरिचित असलेल्या सात नव्या प्रजाती सापडल्या. हे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. नकाशाचे चुकलेले भाकीतसुद्धा कामी आले, कारण ते तपासायला कोणीतरी चिखल तुडवत गेले.

आपल्याकडे नेमके हेच सुटते. १९९७ नंतर रानपिंगळ्याचा शोध मुख्यतः सातपुड्यात झाला. तोरणमाळ, मेळघाट, खंडवा. जिथे पाहिले तिथेच सापडणार, म्हणून नोंदीही तिथल्याच. अशा नोंदींवर शिकलेली आज्ञावली सातपुड्यासारखी कोरडी जंगले दाखवणार, यात तिचा दोष नाही. २०१४ मध्ये रानपिंगळा तानसा अभयारण्यात दिसला. मुंबईला पाणी देणाऱ्या तलावाभोवतीचे हे रान, आणि इथे पाऊस सातपुड्यापेक्षा कितीतरी जास्त. पुढे डांगमधूनही नोंदी आल्या. (दक्षिण गुजरातेत पक्षी आहे म्हणून माइनर्टझहागनची चिठ्ठी खरी होत नाही.) आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१८ मध्ये त्याला 'अतिसंकटग्रस्त' वर्गातून 'संकटग्रस्त' वर्गात आणले. ही बढती पक्ष्याइतकीच त्याला शोधायला नव्या जागी गेलेल्या माणसांची आहे.

नकाशावरच्या कोऱ्या जागेचा अर्थ बहुतेक वेळा 'इथे कोणी पाहिले नाही' एवढाच असतो. सरकारी फाइलीत मात्र तो 'इथे काही नाही' असा वाचला जातो, आणि मग खाण, रस्ता किंवा धरणाचा प्रस्ताव पुढे सरकतो. पक्षिनिरीक्षकांच्या नोंदी रस्त्यांच्या आणि शहरांच्या कडेने दाटलेल्या असतात, दुर्गम पाड्यांच्या रानात विरळ होतात. म्हणजे ज्या रानाबद्दल सर्वांत कमी माहिती, तेच सर्वांत आधी बळी जाते. गाडगीळ समितीने २०११ मध्ये पश्चिम घाटाचे सुमारे नऊ किलोमीटर बाजूचे चौकोन पाडून संवेदनशीलतेची प्रतवारी केली, तेव्हा भांडण कुठला चौकोन कुठल्या प्रतीत पडला यावरच झाले. चौकोनांत कुठली माहिती आहे आणि कुठली नाही, यावर ग्रामसभेत चर्चा व्हायला हवी होती. ती फारशी झाली नाही.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. ज्या नकाशाच्या आधारे प्रकल्पाला परवानगी मिळते किंवा नाकारली जाते, त्याच्या मागच्या नोंदी जोडपत्रात असल्या पाहिजेत: कधीच्या, कोणी घेतलेल्या, कशा तपासलेल्या. घरट्याची नेमकी जागा झाकावी, नाहीतर कॅमेरेवाल्यांची झुंबड उडते. पण तालुका आणि वर्ष झाकण्याचे कारण नाही. सर्वेक्षण एका हंगामात उरकू नये. आणि बीटवरच्या वनरक्षकाच्या वहीत 'गेलो, सकाळी दोन तास थांबलो, दिसला नाही' ही नोंदही तारखेसह राहावी, कारण आज्ञावलीला सर्वांत जास्त तुटवडा अशाच नोंदींचा असतो. संगणकासाठी निधी मिळतो. या वहीसाठी, ती भरणाऱ्याच्या प्रशिक्षणासाठी आणि जुनी कातडी सांभाळणाऱ्या संग्रहालयांसाठी तो पुढच्या अर्थसंकल्पात वेगळा काढला पाहिजे.