पडत्या भावात जमिनीचा सौदा

२०२४ च्या खरिपासाठी केंद्राने सोयाबीनला क्विंटलमागे ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर केला. लातूरच्या बाजारात मात्र माल त्याहून कमी दराने विकला गेला. अशा वर्षी देणे फेडण्यासाठी दोन एकर काढून टाकण्याचा विचार घराघरांत बळावतो. परंतु शेजारचा शेतकरीही त्याच भावाने नाडलेला आणि बिगरशेतकऱ्यास खरेदीला कायद्याची आडकाठी! मग रोकड बाळगणाऱ्या एखाद्याच गिऱ्हाइकाचा शब्द हा जमिनीचा भाव ठरतो. बटईने द्यावी, तर कूळ लागण्याची धास्ती. म्हणून करार तोंडीच राहतो आणि प्रत्यक्ष कसणारा पीककर्जाला मुकतो. मालकी अबाधित राखणाऱ्या लेखी भाडेपट्ट्याचा आदर्श मसुदा नीती आयोगाने २०१६ मध्येच राज्यांपुढे ठेवला होता. विकण्यावाचून गत्यंतर नाही असे म्हणण्यापूर्वी ती वाट मोकळी करणे शासनाचे कर्तव्य होते.