चाळा आणि अवधान

वसईपासून विरारपर्यंतच्या नव्या वसाहतींतून रविवारीं दुपारीं कांहीं तरुण मंडळी एका टेबलाभोंवतीं जमून एक नवा खेळ खेळूं लागली आहेत. त्यांच्यावर त्यांच्याच सूत्रधारांनीं आणि त्या सूत्रधारांची री ओढणाऱ्या कांहीं वडीलधाऱ्यांनीं जो आरोप ठेविला आहे, तो थोडक्यांत असा : हीं मुलें ऐकत नाहींत; कारण त्यांचे हात स्वस्थ नसतात. एक जण फाशांची उतरंड रचतो, दुसरा एकच फासा बोटांतून फिरवीत बसतो, तिसरी कागदाच्या समासांत वेलबुट्टी काढते, चवथा पेन्सिलीचें टोक पुनःपुन्हां तासतो. यावर सुचविलेला उपाय असा कीं, खेळ चालूं असतां सर्वांनीं आपले हात रिकामे करून टेबलावर ठेवावेत. हा आरोप अन्यायाचा आहे आणि हा उपाय रोगापेक्षां वाईट आहे, असें माझें स्पष्ट मत आहे. तें कां, हें सांगण्यासाठींच हा लेखप्रपंच.

ज्या वाचकांनीं हा खेळ पाहिलेला नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द. अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नांवाचा खेळ १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच्या वंशांतले खेळ आतां जगभर खेळले जातात. यांत पट असलाच पाहिजे असें नाहीं. एक जण सूत्रधार होतो आणि प्रसंग वर्णन करून सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि त्या पात्राच्या तोंडून बोलतात. एखादी कृति साधली कीं फसली, हें फासे ठरवितात. आणि हे फासे आपल्या ओळखीचे सहा बाजूंचे तेवढेच नसून चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंतचे, नाना रंगांचे असतात. पैशाची पैज यांत नसते. तेव्हां महाभारतांतील द्यूतसभेची आठवण काढून 'फाशांचा नाद वाईट' असें म्हणणाऱ्यांना येथें आधार नाहीं. हे फासे कोणाचें राज्य घेत नाहींत. कथेला वळण तेवढें देतात.

आतां साधा हिशेब करूं. टेबलाशीं पांच खेळाडू आणि एक सूत्रधार आहे, आणि बैठक चार तासांची आहे. सूत्रधाराचा वांटा नेहमींच मोठा असतो. तरी घटकाभर बोलण्याची वांटणी समसमान झाली असें धरलें, तर प्रत्येकाच्या वांट्याला २४० मिनिटांपैकीं ४० मिनिटें येतात. राहिलेलीं २०० मिनिटें त्यानें काय करावयाचें? ऐकावयाचें. म्हणजे नांवाला हा खेळ असला तरी तो मुख्यतः श्रवणाचा आहे, आणि आपण सव्वातीन तासांहून अधिक वेळ कथा ऐकणाऱ्या माणसाच्या हातांबद्दल बोलत आहोंत. शिवाय पुढच्या क्षणीं आपलें पात्र जगतें कीं मरतें, या उत्कंठेनें अंगांत जो ताण भरतो, त्याला कोठें तरी वाट हवीच असते.

कथा ऐकणाऱ्याचे हात रिकामे असावेत, असा नियम आमच्या पूर्वजांनीं केला होता काय? देवळांत पुराणिकबुवा पुराण सांगत असतां समोर बसलेल्या बायका काय करीत? वाती वळीत. मांडीवर कापूस, बोटांत वात आणि कान बुवांच्या शब्दाकडे. त्यांतल्या कितीजणींना अक्षरओळख नव्हती. तरी पुराणांतली कथा त्यांना क्रमवार पाठ असे, आणि त्यांनींच ती नातवंडांपर्यंत पोंचविली. 'आधीं वाती खालीं ठेवा' असा हुकूम कोणा बुवांनीं सोडला असता, तर पोथीपुढें श्रोते उरले नसते. आमच्या वसईंत तर याचीं उदाहरणें पावलोपावलीं आहेत. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर जाळें दुरुस्त करीत बसलेल्या कोळ्याची सुई चालूंच असते आणि गप्पांतला एक शब्द त्याच्या हातून निसटत नाहीं. ख्रिस्ती घरांतून ऑक्टोबर महिन्यांत जपमाळेची प्रार्थना होते, तेव्हां शब्दांबरोबर बोटें मण्यांवरून सरकत असतात. हिंदु घरांतील आजीची १०८ मण्यांची माळ तेंच काम करते. आणि संध्याकाळच्या विरार लोकलच्या बायकांच्या डब्यांत भाजी निवडतां निवडतां जें संभाषण चालतें, त्यांत कोणाचें लक्ष नसतें असें म्हणण्याचें धाडस कोणीं करून पाहावें!

यावर प्रतिपक्षी म्हणतील कीं, वाती, जाळें, भाजी हीं उपयोगाचीं कामें आहेत, माळ ही उपासना आहे. फाशांची उतरंड हा निव्वळ चाळा आहे. भेद मान्य आहे. पण तो येथें अप्रस्तुत आहे. आपला प्रश्न कानाच्या अवधानाचा आहे, हाताच्या कामाच्या किंमतीचा नाहीं. वात देवापुढें जळणार आहे म्हणून ती वळणारीचें लक्ष कथेंत राहत होतें काय? बोटांना तें काम इतकें सरावाचें होतें कीं त्यासाठीं मनाला कथा सोडून जावें लागत नव्हतें, म्हणून तें राहत होतें. फासा फिरविणाऱ्याचेंही तसेंच. यांतच खरी कसोटी सांपडते : जो चाळा शब्द मागत नाहीं, तो श्रवणाच्या आड येत नाहीं. कथा शब्दांची आहे आणि बोटें मुकीं आहेत. त्यांचा झगडा होण्याचें कारण नाहीं.

या अनुभवाला प्रयोगाचाही थोडा आधार आहे. इंग्लंडांतील प्लिमथ येथील मानसशास्त्रज्ञ जॅकी अँड्रेड यांचा एक निबंध २००९ सालीं पुढें आला. त्यांनीं ४० माणसांना टेलिफोनवरचा एक कंटाळवाणा निरोप ऐकविला आणि निम्म्यांना ऐकतां ऐकतां कागदावरच्या आकृति पेन्सिलीनें भरावयास सांगितलें. मागाहून अचानक परीक्षा घेतली, तेव्हां आकृति भरणाऱ्यांना २९ टक्के अधिक माहिती आठवली. चाळीस माणसांच्या एका प्रयोगावर मी सिद्धान्ताचा इमला उभारणार नाहीं. शिवाय तो निरोप मुद्दाम नीरस केलेला होता, आणि सगळ्या कथा नीरस नसतात. पण 'हात हलला कीं मन गेलें' हें विधान जें स्वयंसिद्ध म्हणून आमच्यापुढें ठेविलें जातें, तें तसें नाहीं, एवढें दाखविण्यास तो पुरेसा आहे.

याचा अर्थ प्रत्येक चाळा क्षम्य आहे असा मात्र नव्हे. हा खेळ जन्मला त्याच १९७४ सालीं ओडेसा येथें, बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाच्या उमेदवारांच्या सामन्यांत, व्हिक्टर कॉर्चनॉय यानें तक्रार केली कीं, प्रतिस्पर्धी टिग्रान पेट्रोशियन टेबलाखालीं पाय हलवितो आणि त्यानें टेबल हादरतें. ही तक्रार मला रास्त वाटते. पाय पेट्रोशियनचा होता, पण टेबल दोघांचें होतें. बुद्धिबळाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत प्रतिस्पर्ध्याला कोणत्याही प्रकारें विचलित करण्यास किंवा त्रास देण्यास मनाई आहे. मूर्तीसारखें बसण्याची सक्ति तेथेंही नाहीं. आमच्या तरुणांच्या टेबलाशींही हीच मर्यादा हवी. बोलणाराचा आवाज बुडेल इतके फासे लांकडावर खडखडविणें, दुसऱ्याच्या फाशांना हात लावणें, ऐन शोकप्रसंगीं उतरंड कोसळवून हंशा पिकविणें, हे अपराध आहेत. आणि सर्वांत मोठा जो अपराध, तो सर्वांत शांत आहे : मोबाइल. हातांत मोबाइल घेऊन बसलेला खेळाडू निश्चल दिसतो, आवाज करीत नाहीं, उतरंड रचीत नाहीं. पण तो तेथें नसतोच. मोबाइल शब्द मागतो, आणि एका ठिकाणचे शब्द वाचणारा माणूस त्याच वेळीं दुसरीकडचे शब्द ऐकूं शकत नाहीं. गंमत अशी कीं, फाशांवर डोळे वटारणारे सूत्रधार या निश्चल गैरहजेरीकडे कानाडोळा करतात!

मग हाताच्या चाळ्याचाच एवढा राग कां? याचें मूळ आमच्या शाळांत आहे. 'हाताची घडी, तोंडावर बोट' हा मंत्र ज्यानें लहानपणीं ऐकला नाहीं असा मराठी माणूस विरळा. त्या मंत्रानें वर्गांत शांतता होते हें खरें. ज्ञान होतें असें कोणीं सिद्ध केलें आहे? तीस वर्षें मी महाविद्यालयांत शिकवीत आलों आहें. समोर मूर्तिवत् बसलेल्यांपैकीं किती जण मनानें कँटीनमध्यें पोंचले आहेत, हें शिकविणारास कळतें. आणि सबंध तासभर वहीच्या समासांत वेलबुट्टी काढणारी मुलगी शेवटीं नेमका प्रश्न विचारते, हेंही तो पाहतो. निश्चल श्रोता वक्त्याच्या अहंकाराला सुखवितो, एवढाच त्याचा निश्चित गुण. सूत्रधारालाही तेंच हवें असतें. आपल्या कथेनें श्रोत्यांचे हातपाय गोठले, हें दृश्य त्याला पाहावयाचें असतें. तें दृश्य हुकुमानें निर्माण करणें म्हणजे टाळ्या विकत घेण्यासारखें आहे.

आणि हा प्रश्न कोणीं क्षुल्लक समजूं नये. विरार ते चर्चगेट हें अंतर ६० किलोमीटर आहे. इकडचे कितीतरी तरुण आठवड्याचे पांच-सहा दिवस तें जातां-येतां उभ्यानें, एका हातानें वरची कडी धरून काटतात; दिवसभर वरिष्ठांची नजर सोसतात. रविवारच्या चार तासांत तेच तरुण एका टेबलाशीं बसून एकमेकांचें बोलणें ऐकतात. घरांत बापलेकांचेंही संभाषण तुटत चाललेल्या काळांत ही गोष्ट लहान नाहीं. त्यांत कांहीं जण असे असतात कीं ज्यांना स्वस्थ बसणें जन्मतःच जड जातें. हात चालूं दिला तर ते तासन् तास ऐकतात. हात बांधला तर त्यांचें सगळें बळ तो आवरण्यांतच खर्ची पडतें. अशा मुलाला 'तूं ऐकत नाहींस' म्हणून एकदां हिणविलें, दोनदां हिणविलें, कीं तिसऱ्या रविवारीं तो येत नाहीं. टेबल शांत होतें आणि एक खुर्ची रिकामी राहते. हा सौदा कोणाला फायद्याचा वाटतो?

उपाय अगदीं साधा आहे. आमच्या जुन्या सोंगट्यांचा पट कापडाचा असे. तसेंच एक जाड कापड टेबलावर अंथरावें, म्हणजे फाशांची खडखड निमते. मोबाइल दाराजवळच्या एका टोपलींत ठेवावेत. ज्याचा पाय हलतो त्यानें खुर्ची टेबलापासून वीतभर मागें घ्यावी. आणि कोण ऐकतो हें पाहावयाचें असेल, तर सूत्रधारानें हातांकडे न पाहतां मध्येंच थांबून विचारावें, 'तुझें पात्र आतां काय करील?' ज्याला उत्तर देतां येतें तो ऐकत होता, मग त्याच्यापुढें फाशांची उतरंड असो वा नसो. ज्याला तें देतां येत नाहीं त्याला जरूर बोल लावावा. पण तो त्याच्या कानांना लावावा, हातांना लावूं नये.