जुन्या स्पोर्ट्स कारचा भाव

मंडळी, 'जुनं ते सोनं' ही म्हण आपण भांड्यांना लावतो, दागिन्यांना लावतो, आमच्यासारख्या म्हाताऱ्यांनाही (तोंडावर तरी!) लावतो. हल्ली ती गाड्यांनाही लावलेली ऐकू येते. पण माझं मत विचाराल तर मोटारींच्या बाबतीत ती फार थोड्या गाड्यांना लागू पडते.

आजच हे लिहायला कारण आमचा पुण्याचा पुतण्या. फ्लॅटसाठी साठवलेल्या पैशातून त्याला एक सेकंड-हँड स्पोर्ट्स कार घ्यायची आहे. "काका, हा खर्च नाही, गुंतवणूक आहे," म्हणतो. तो हा ब्लॉग वाचतो, तेव्हा फोनवर वाद घालण्यापेक्षा इथेच लिहितो. बाकीच्या नातेवाइकांनीही वाचावं.

आधी घसरण पाहू. मोटार विम्यात रूढ असलेल्या कोष्टकात गाडीची किंमत पहिल्या सहा महिन्यांनंतर १५ टक्के कमी धरतात, एका वर्षानंतर २०, दोन वर्षांनंतर ३०, आणि चार वर्षं उलटली की निम्मी. स्पोर्ट्स कारला तर गिऱ्हाईकही मोजकंच. दोन माणसांची सोय, जमिनीला टेकलेलं पोट आणि आपले गतिरोधक!

मग काही गाड्यांचा भाव पुन्हा चढतो तो का? आपल्या ओळखीचं उदाहरण दुचाकीचं आहे. १९८३ साली एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत ३५० आली. यामाहाच्या तंत्रावरची, दोन सिलिंडरची. पळायची वाऱ्यासारखी, पण पेट्रोल प्यायची आणि सुटे भाग महाग. त्यामुळे ती फारशी खपली नाही आणि दशक सरता सरता बंद झाली. आज तीच गाडी शौकीन शोधत फिरतात. तेव्हा जी पोरं शाळेच्या फाटकाशी उभी राहून तिच्याकडे बघत असत, ती आता पन्नाशीत आली, त्यांच्या हाती पैसा आला. शिवाय उरलेल्या गाड्या कमी, कारण कित्येक भंगारात गेल्या.

इथेच गंमत आहे. आपल्या कानावर भाव येतात ते फक्त टिकलेल्या गाड्यांचे. १९५५ ची एक मर्सिडीज २०२२ मध्ये साडेतेरा कोटी युरोंना विकली गेली हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तशा गाड्या जगात दोनच बनल्या होत्या! गुणवत्ता यादीतलं एक नाव वाचून अख्ख्या वर्गाचा निकाल ठरवावा, तसं हे झालं.

आता थोडं गणित (सवय जात नाही). दहा लाख रुपये सात टक्के चक्रवाढीने ठेवले तर तीस वर्षांत सुमारे ७६ लाख होतात. त्यातून कर वजा करा. म्हणजे गाडी तिप्पट भावाने विकली तरी ती हरलीच. त्यात विमा, शेड, बॅटरी, टायर हे सगळं वेगळं. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात तर उभ्या गाडीचंही रबर तडकतं. पंधरा वर्षांनी आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण आलं. कारची ती फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५००० रुपये झाली. वर पर्यावरण कर.

आपले खासदार गडकरी यांच्याच मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले, हे चांगलंच झालं. पण त्यासाठी गाडी पन्नास वर्षांच्या पुढची लागते, आणि अशी नोंदणी केली की ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.

हौसेला माझा विरोध नाही, बरं का. कुणी गाण्यावर खर्च करतो, कुणी प्रवासावर. तसा गाडीवर करावा. सकाळी अंबाझरीच्या बाजूने एक चक्कर मारून माणूस हसत घरी आला, तर ते पैसे वसूल झाले. पण मग त्याला हौसच म्हणावं, आणि गेले तरी झोप उडणार नाही अशाच पैशातून ती करावी. घरासाठी साठवलेल्या पैशातून नको.

तेव्हा बाळा, आधी फ्लॅट. गाडी नंतर घे, आणि नागपूरला घेऊन ये. काकूला पुढच्या सीटवर बसवू, मी वाट बघीन!

तुमच्यापैकी कुणी जुनी गाडी सांभाळली असेल, तर खर्चाचा खरा आकडा जरूर कळवा.