देवळें आणि दुकानें

दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी जवळ येऊं लागली, कीं आमच्याकडील सुशिक्षित कुटुंबांतून हल्लीं एकच प्रश्न ऐकूं येतो : यंदा बँकॉक, कीं सिंगापूर? महाबळेश्वर कीं काश्मीर, हा जो वाद मागील पिढीच्या घरांतून होत असे, त्यानें आतां समुद्र ओलांडला आहे. २०२४ या एका वर्षांत एकट्या थायलंडला २० लाखांहून अधिक भारतीय जाऊन आले. ज्या समाजांत समुद्रपर्यटन केल्याबद्दल एके काळीं प्रायश्चित्त घ्यावें लागे, त्या समाजांतील आजी आज नातवंडांसह विमानांत बसते आणि परमुलखांतील देवापुढें हात जोडते, ही गोष्ट आम्हांस आनंदाचीच वाटते. तेव्हां लोकांनीं परदेशीं जाऊं नये, पैसा गांठीस ठेवावा, असला उपदेश करण्यासाठीं आम्हीं लेखणी उचललेली नाहीं. आमची तक्रार निराळी आहे. हीं कुटुंबें इतक्या दूर जातात, देवळांमागून देवळें पाहतात, पिशव्या भरभरून परत येतात. पण ज्यांचीं तीं देवळें, ते लोक त्यांस कोठेंच भेटत नाहींत. असें कां व्हावें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम सहलीचें कार्यक्रमपत्रकच पाहूं. सकाळीं न्याहारी, मग एक देऊळ, मग दुसरें देऊळ, मग भारतीय पद्धतीचें जेवण, आणि दुपारपासून रात्रीपर्यंत 'खरेदीसाठीं मोकळा वेळ'. देवळासाठीं मोकळा वेळ कधींच नसतो, हें वाचकांनीं लक्षांत घ्यावें. बँकॉकच्या वाट फो मंदिरांत पहुडलेल्या बुद्धाची ४६ मीटर लांबीची मूर्ति आहे. तिच्या तळपायांवर शिंपल्यांच्या जडावानें १०८ मंगलचिन्हें काढलेलीं आहेत. आमची मंडळी आंत शिरते, मूर्तीच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत चालत जाते, भिंतीलगतच्या १०८ भांड्यांत नाणीं टाकते, प्रत्येकाचें एकेक छायाचित्र होतें, आणि अर्ध्या घटकेंत सर्व बाहेर! एवढा मोठा बुद्ध निजलेला कां, हें एखाद्या मुलानें विचारलेंच, तर अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यांतील महापरिनिर्वाणाची मूर्ति इतकी जवळ असूनही कधीं निवांतपणें न पाहिलेल्या बापास त्याचें उत्तर देतां येत नाहीं. त्याच आवारांत शिलालेखांच्या रांगा आहेत. तिसरा राम या राजानें १८३० नंतरच्या दशकांत वैद्यक, अंगमर्दन, काव्य, इतिहास अशा नाना विद्यांचें सार दगडावर कोरवून तेथें बसविलें आणि देवळाचें जणूं विद्यापीठ केलें. २०११ सालीं युनेस्कोनें हे लेख जगाच्या स्मृतिसंग्रहांत नोंदविले. विद्येचा वारसा सांगणारीं आमचीं कुटुंबें या दगडांपुढून बाहेरच्या गाडीकडे घाईनें निघून जातात, कारण दुपारीं प्रतूनामच्या बाजारांत कपडे स्वस्त मिळतात, असें त्यांना घरूनच सांगून ठेवलेलें असतें.

यावर कोणी म्हणेल, "देवळाशीं बाजाराचें एवढें वैर कशाला? आमची पंढरीची यात्रा तरी चुरमुरे, बुक्का, तुळशीची माळ आणि बांगड्या घेतल्यावांचून कधीं पुरी झाली?" हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. देव तेथें जत्रा आणि जत्रा तेथें बाजार, हा क्रम जुना आहे आणि त्यांत कांहीं वावगें नाहीं. किंबहुना बँकॉक शहरांतच याचें सुंदर उदाहरण आहे. राचप्रसोंगच्या चौकांत, मोठमोठ्या दुकानांच्या गराड्यांत, १९५६ सालीं एका हॉटेलाच्या कोपऱ्यावर स्थापिलेली चतुर्मुख ब्रह्मदेवाची मूर्ति आहे. आपल्या देशांत ज्याची देवळें शोधावीं लागतात, तो ब्रह्मदेव तेथें अहोरात्र फुलांच्या माळांत बुडालेला असतो. कचेरींतून सुटलेल्या मुली हातांतील खरेदीच्या पिशव्या खालीं ठेवून उदबत्ती लावतात, नवस फेडावयास आलेला माणूस नर्तकींस पैसे देऊन देवापुढें नृत्य करवितो, आणि हें सर्व आटोपून जो तो पुन्हां बाजाराच्या गर्दींत मिसळतो. २०१५ च्या ऑगस्टांत याच ठिकाणीं बाँबस्फोट होऊन २० माणसें मेलीं. तरी त्या चौकांतील उदबत्त्या विझल्या नाहींत. तेथील लोकांस देव आणि दुकान यांची अडचण होत नाहीं, कारण ते दुकानांत गिऱ्हाईक असतात आणि देवापुढें भक्त. आमचीं माणसें दोन्हीकडे गिऱ्हाईकच असतात, हा आमचा खरा आरोप आहे.

हा आरोप कठोर वाटेल, म्हणून तो स्पष्ट करतों. गिऱ्हाईकाची दृष्टि एकच प्रश्न विचारते : यांतलें माझें काय होईल? दुकानांत हा प्रश्न योग्यच आहे. पण देवळांत शिरल्यावरही आमच्या कुटुंबप्रमुखाच्या तोंडून जें पहिलें वाक्य निघतें, तें असें : "बघा, हें सगळें आपलेंच आहे!" राजवाड्याच्या आवारांतील वाट फ्रा केव मंदिरांत ओवऱ्यांच्या भिंतींवर रामकथेचीं १७८ चित्रें आहेत. बाप मुलास सांगतो, "हें आपलें रामायण." मूल एकदां 'हो' म्हणतें आणि तोंड फिरवितें, कारण जें आपलेंच आहे, आपल्याला ठाऊकच आहे, तें पुन्हां कशाला पाहावयाचें? आणि येथेंच तें मूल फसतें. कारण त्या भिंतींवर आहे तें रामकियेन, आणि त्यांतील हनुमान ब्रह्मचारी नाहीं! रावणाची मत्स्यकन्या सेतूचे दगड पळवूं लागते, तेव्हां हनुमान तिला जिंकतो तो प्रेमानें. तेथला रावण 'तोत्सकान' म्हणजे दशकंठ या नांवानें वावरतो, आणि त्याच्याविषयीं त्या लोकांस निव्वळ तिरस्कार वाटत नाहीं. १७६७ सालीं ब्रह्मी सैन्यानें अयुथ्या ही जुनी राजधानी जाळून धुळीस मिळविली. १७८२ त बँकॉक राजधानी झाली, आणि १७९७ सालीं पहिला राम या राजानें जुन्या कथांचे विखुरलेले धागे गोळा करून हें काव्य नव्यानें सिद्ध करविलें. राखेंतून उठलेल्या एका राष्ट्राची ती स्मृति आहे. एकनाथांच्या भावार्थरामायणास वाल्मीकीची नक्कल म्हटलेलें ज्यांस खपणार नाहीं, मोरोपंतांनीं १०८ रामायणें रचिलीं असें जे अभिमानानें सांगतात, त्या मराठी वाचकांना तरी रामकथा प्रत्येक हातांत नवी होते हें समजावून सांगण्याची गरज पडूं नये.

तेव्हां 'हें आपलेंच' असें म्हणून पुढें चालूं लागणें, हीही एक खरेदीच होय. फक्त तींत दाम मोजावा लागत नाहीं. वस्तु पिशवींत टाकली कीं दुकानदाराशीं संबंध संपतो. देऊळ 'आपलें' म्हटलें कीं तेथल्या पुजाऱ्याशीं, भिक्षूशीं आणि भक्ताशीं संबंध संपतो.

या वृत्तीचा उगम कोठें आहे, तेंही पाहिलें पाहिजे. १९२६ सालीं कलकत्त्यास बृहत्तर भारताचा अभ्यास करणारी एक संस्था स्थापन झाली. डॉ. रमेशचंद्र मजुमदार यांच्यासारख्या थोर इतिहासकारांनीं चंपा, कंबोज, जावा येथील राज्यांवर मोठे ग्रंथ लिहिले आणि त्यांना प्राचीन हिंदी 'वसाहती' असें नांव दिलें. त्या विद्वानांच्या परिश्रमांपुढें आम्ही नतमस्तक आहों. परकीय सत्तेखालीं पिचलेल्या राष्ट्रास, आपणही कधींकाळीं वसाहती केल्या, हें ऐकून धीर येत असेल, हेंही आम्ही समजूं शकतों. परंतु पुरावा काय सांगतो? १०२५ च्या सुमारास राजेंद्र चोळाच्या आरमारानें श्रीविजयावर घातलेला घाला सोडला, तर भारतीय सैन्यानें हे प्रदेश जिंकल्याचें दिसत नाहीं. तेथील राजांनीं संस्कृत भाषा, शिव, विष्णु आणि बुद्ध हे आपल्या इच्छेनें, आपल्या गरजेनें स्वीकारले आणि त्यांस आपल्या मातींत वाढविलें. त्यांना आमची वसाहत म्हणणें म्हणजे त्यांचें कर्तृत्व आमच्या खात्यावर जमा करणें होय. स्वतंत्र होऊन पाऊणशें वर्षें उलटलेल्या राष्ट्रास या उसन्या मोठेपणाची जरूर कां भासावी?

कंबोडियांतील सिएम रीप शहराजवळचें अंकोर वाट घ्या. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत दुसऱ्या सूर्यवर्म्यानें तें विष्णूसाठीं बांधलें. पुढें तें बौद्ध झालें आणि आजही तेथें भिक्षु पूजा करतात. समुद्रमंथनाचें जवळजवळ ५० मीटर लांबीचें शिल्प तेथल्या भिंतीवर आहे. १९८६ पासून १९९३ पर्यंत, यादवीनें होरपळलेल्या त्या देशांत, आमच्या पुरातत्त्व खात्याचीं माणसें त्या मंदिराच्या दुरुस्तीसाठीं खपलीं, ही गोष्ट खरोखर अभिमानाची आहे. कारण तें घेणें नव्हे, देणें होतें. पण अंकोर वाटचें चित्र कंबोडियाच्या राष्ट्रध्वजावर आहे, हें आमच्या किती प्रवाशांच्या ध्यानांत असतें? २००३ च्या जानेवारींत, एका थाई नटीनें 'अंकोर वाट आमचें' असें म्हटल्याची अफवा पसरली. तिनें ती साफ नाकारली. तरी क्षुब्ध जमावानें नॉम पेन्ह येथील थायलंडचा वकिलातवाडा जाळून टाकला. जाळपोळीचें समर्थन कोणी करणार नाहीं. परंतु शेजारी राष्ट्राच्या ज्या उद्गाराच्या नुसत्या अफवेनें राजधानी पेटली, तोच उद्गार आमचे प्रवासी त्या देवळाच्या पायऱ्यांवर उभे राहून मोठ्यानें काढतात. यजमान हांसून ऐकून घेतात, कारण ते सभ्य आहेत आणि आपण पाहुणे आहों.

याहूनही खेदाची गोष्ट पुढेंच आहे. ज्यांच्याशीं आमचें कांहीं नातें नाहीं अशा सूर्यवर्म्यास आम्ही आपला म्हणतों. पण जीं माणसें खरोखरच आमच्या किनाऱ्यांवरून तेथें गेलीं, त्यांची आठवण कोणास होत नाहीं. सिंगापूरचें मरिअम्मन देवालय १८२७ सालीं स्थापन झालें तें तामिळ वसाहतकऱ्यांच्या श्रद्धेनें. त्याच शहरांतील सेंट अँड्र्यूज प्रार्थनामंदिर बांधलें तें हिंदुस्थानांतून काळ्या पाण्यावर धाडलेल्या कैद्यांनीं. चुन्यांत अंड्याचा पांढरा बलक व साखर मिसळून आणि नारळाच्या सोडणांचें पाणी घालून त्यांनीं केलेला गिलावा प्रसिद्ध आहे. क्वालालंपूरजवळच्या बाटू गुहांच्या २७२ पायऱ्या आमचीं मुलें मोजीत चढतात. पण थैपुसमला खांद्यावर कावडी घेऊन त्या चढणारे भक्त बहुतांशीं रबराच्या मळ्यांवर राबलेल्या मजुरांचे वंशज आहेत, हें त्यांस कोण सांगतो? १९४२-४३ सालीं जपान्यांनीं सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामास जुंपलेले असे हजारों मलायी तामिळ रोगानें व उपासानें मेले. राजांचे वारस होण्यास आम्ही एका पायावर तयार. मजुरांचे भाऊ होण्याची मात्र आम्हांस सवड नाहीं!

आतां परतीच्या सामानाकडे वळूं. हल्लीं दिवाणखान्यांत बुद्धाचें नुसतें मस्तक ठेवण्याची टूम निघाली आहे, आणि तें मस्तक पुष्कळदां बँकॉकहूनच येतें. थायलंडांतून बुद्धमूर्ति बाहेर नेण्यास तेथील ललितकला खात्याची परवानगी लागते, आणि बुद्ध ही शोभेची वस्तु नव्हे असें सांगणारे फलक त्या शहरांत लागलेले आहेत. अयुथ्येच्या वाट महाथात मंदिरांत वृक्षाच्या मुळांनीं वेढलेलें बुद्धाचें एक मस्तक आहे. त्याच्याजवळ छायाचित्र काढविणारानें खालीं बसावें, आपलें डोकें बुद्धाच्या डोक्याहून उंच ठेवूं नये, असा तेथें दंडक आहे. धड नसलेल्या अशा मस्तकांमागें त्या नगरीची धूळधाण आणि पुढच्या चोरांचे घाव आहेत. विठोबाचें केवळ मस्तक कोणी परदेशांत चपलांच्या फळीवर मांडलेलें पाहिलें, तर आम्हांस काय वाटेल? ज्यास हा प्रश्न पडत नाहीं, त्यानें देवळें कितीही पाहिलीं तरी तीं न पाहिल्यासारखींच.

या सर्वांत आम्हांस चिंता वाटते ती मुलांची. वडील माणसांच्या संवयी सहसा बदलत नाहींत. पण दहाबारा वर्षांचें मूल प्रथमच परक्या देशांत पाऊल टाकतें, तेव्हां परक्या माणसाकडे कसें पाहावें याचा कित्ता तें वडिलांच्या वागण्यावरूनच गिरवितें. त्यानें तेथें जर एवढेंच पाहिलें, कीं देऊळ 'आपलें' म्हणून सोडून द्यावयाचें आणि दुकानदाराशीं घासाघीस करावयाची, तर पुढें तें जगांत कोठेंही गेलें तरी हेंच करील.

म्हणून आमची सूचना थोडकी आहे. चार शहरें पाहण्यापेक्षां एकच पाहावें. निघण्यापूर्वीं घरांत रामकियेनची कथा एकदां तरी वाचावी अथवा ऐकावी. रोज एकच देऊळ घ्यावें, अंग झांकून जावें, बुद्धाकडे पाय न करितां घटकाभर खालीं बसावें, आणि भोंवतालचे लोक कशी पूजा करतात तें मुलांस स्वस्थपणें पाहूं द्यावें. सिंगापुरास गेल्यास मरिअम्मनच्या दारीं बसलेल्या एखाद्या वृद्धास, तुमचे आजोबा कोणत्या गांवाहून आले, असें आदरानें विचारावें. मग बाजारांत जावें, खुशाल साड्या, छत्र्या, खेळणीं घ्यावीं. त्याबद्दल आमची ना नाहीं. आणि रात्रीं मुक्कामावर मुलांना एकच प्रश्न पुसावा : आज असें काय पाहिलेंस, जें आपल्याकडे नाहीं? या प्रश्नास त्यांच्याकडून उत्तर मिळूं लागेल, तर सहलीचा पैसा सत्कारणीं लागला असें समजण्यास हरकत नाहीं.