दुधाचे दात आणि अक्कलदाढा

दोन वर्षांच्या पोराच्या दातांची निगा राखणे हे सुखवस्तू आईबापांचे नवे खूळ आहे, असे एका विद्वानांचे मत नुकतेच कानावर आले. त्यांचा मुद्देमाल असा : दुधाचे दात पडणारच; आपल्या आज्यांनी कुणाच्या तोंडात ब्रश घातला नव्हता; फ्लोराइड हे विष; आणि हा सगळा दंतवैद्यांचा धंदा. चार वाक्यांत बालदंतशास्त्र निकालात! ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या, म्हणून हा खटाटोप.

‘पडणारच आहेत’ हा त्यांचा हुकमाचा एक्का. पडणार, कबूल. पण कधी? पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी हलू लागतात. दाढा मात्र १० ते १२ व्या वर्षापर्यंत तोंडात असतात. म्हणजे दोन वर्षांच्या मुलाच्या किडक्या दाढेला अजून आठ-दहा वर्षे भाकरी चावायची आहे. दुधाच्या दातावरचे एनॅमल पातळ असते, त्यामुळे कीड आतल्या नसेपर्यंत झपाट्याने पोहोचते. मग ठणका, गळू, रात्रीचे रडणे. धड बोलता न येणारे मूल ‘दाढ दुखते’ असे सांगत नाही. ते जेवत नाही, आणि घरातले म्हणतात, ‘फार नखरे करतो!’ मुळाशी पू झाला तर खाली घडत असलेल्या कायमच्या दातातही व्यंग येऊ शकते. दाढ मुदतीआधी काढावी लागली, तर मागची दाढ पुढे सरकून येणाऱ्या दाताची जागा बळकावते. पुढे तारा बसवायची वेळ आली, की ‘आमच्या घराण्यात दात वाकडेच’ हे ठरलेले उत्तर आहेच.

खरी गंमत तर पुढे. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे नवी दाढ उगवते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, म्हणून ती आल्याचे घरात कुणाच्या ध्यानातही येत नाही. ती कायमची असते. विद्वानांच्या सिद्धान्तावर पोसलेले घर तिलाही दुधाचीच समजते, किडू देते आणि पडण्याची वाट पाहते. ती जाते, तिच्या जागी दुसरी येत नाही. तसे विद्वानांचे स्वतःचे दातही कधीतरी पडणारच आहेत. तरी रूट कॅनल करून घेताना त्यांना हा सिद्धान्त आठवला नाही.

आज्यांच्या फडताळात बिस्किटांचा पुडा नव्हता, पण मशेरीचा डबा होता. परंपरा म्हणून तोही मुलांपुढे ठेवायचा का? फ्लोराइडचे म्हणाल, तर चंद्रपूर-यवतमाळकडच्या काही गावांत जमिनीतल्या पाण्याने दातांवर डाग पडतात, हे खरे. पण तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट म्हणजे बोअरवेल नव्हे. आणि धंदा चालतो तो किडीवर. तेव्हा गिऱ्हाइके वाढवताहेत ते विद्वानच.

याच मंडळींशी आमचा जुना तंटाही आहे. दात येताना ताप-जुलाब व्हायचेच, म्हणून डॉक्टरकडे न्यायचे नाही, हा त्यांचा दुसरा वेद. सहाव्या महिन्याच्या आसपास आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरते आणि पोर दिसेल ते तोंडात घालू लागते. दुखणी येतात ती त्यामुळे. आळ मात्र दातावर. दात येताना लाळ गळते, हिरड्या शिवशिवतात, पोर किरकिरते, अंग जरा कोमट लागते. १०१ ताप दाताचा नसतो. इंग्लंडात तर दात सुखाने यावेत म्हणून पारा असलेल्या पुड्या मुलांना चाटवत. हातपाय गुलाबी होऊन मुले आजारी पडत, काही दगावतही. १९५० च्या दशकात त्या पुड्या बंद झाल्या आणि तो रोगही जवळपास नाहीसा झाला. वरचे दात आधी आले की मामावर संकट, यावर तर आम्ही वाद घालणेच सोडले आहे. मामांनी आपले पाहून घ्यावे.

मग करायचे काय? फार थोडे. पहिला दात दिसल्यापासून मऊ ब्रशने दोनदा दात घासा. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, पुढे वाटाण्याएवढी. बाटली तोंडात ठेवून झोपवू नका. झोपेत लाळ कमी होते आणि साखर दातांवर बसून राहते. पहिल्या वाढदिवसापर्यंत दंतवैद्याला एकदा दाखवा.

आणि आजच बाळाचा वरचा ओठ उचलून पाहा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ असेल तर कीड अजून थोपवता येते. रेघ तपकिरी होऊन खड्डा पडला, की घासून तो बुजत नाही.